एस्प्लनेडचे काटे

'बाहेरून फोटो काढला की झालं, तिकीट नसेल तर आत काय बघायचं?' असं सिंगापूरच्या एस्प्लनेडबद्दल, म्हणजे तिथल्या खाडीकाठच्या नाट्य-संगीतगृहाबद्दल, कुणी म्हटलं की मला पटत नाही. या इमारतीला तिकडचे लोक ड्युरियन म्हणतात; ड्युरियन हे तिकडचं फणसासारखं काटेरी फळ. आपल्याला तो उपडा ठेवलेला अर्धा फणसच वाटतो. पण ते काटे नुसती नक्षी नाहीत. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावरच्या गावात काचेचा घुमट बांधला तर आत भट्टीच पेटायची. म्हणून काचेवर ॲल्युमिनियमची सात हजारांच्या वर त्रिकोणी झापं बसवली आहेत, आणि ऊन जिकडून येतं त्याप्रमाणे त्यांचा कोन ठिकठिकाणी वेगळा ठेवला आहे. हे बाहेरून कळत नाही. आत जाऊन मान वर केली की प्रत्येक झापाखाली आकाशाचा एकेक तुकडा दिसतो, आणि दुपारचे दोन वाजले तरी डोळे दिपत नाहीत.

शिवाय फुकटचे कार्यक्रम! खाडीच्या काठच्या खुल्या रंगमंचावर संध्याकाळी बऱ्याचदा काही ना काही चालू असतं. आम्ही पाय दुखले म्हणून पायरीवर टेकलो होतो, तर समोर चक्क तबल्याची ठाकठूक सुरू झाली. हॉटेलवर जायला रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरच्या आसपास जाणार असाल तर त्यांच्या 'कला उत्सवम्'च्या तारखा आधी बघून ठेवा. भारतीय कलांचा महोत्सव असतो तो. गच्चीवरही जाऊन या, पण ऊन उतरल्यावरच.