शब्दचर्चा: सिंथच्या 'फिल्टर'ला मराठीत काय म्हणायचं? 'जवारी' चालेल का?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय म्हणून विचारतोय, थोडं लांबण लागेल पण आधीचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझ्या ताईचा सांगलीत गाण्याचा क्लास आहे. तिच्याकडच्या आठवी-नववीच्या मुलांना मी दर रविवारी माझा छोटा मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे डबे वायरींनी जोडून आवाज तयार करायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घेऊन जाऊन दाखवतो. मुलं मराठी माध्यमाची, कान तयार, गाण्याच्या एक-दोन परीक्षा दिलेली. पहिल्या रविवारी मी व्हीसीओ, व्हीसीएफ, व्हीसीए असं सुरू केलं आणि पाच मिनिटांत सगळे चेहरे कोरे. मग एका मुलीने विचारलं, "दादा, यातला नादाची उंची बदलणारा डबा कुठला?"

मी थांबलोच. ती परीक्षेसाठी पाठ करून आली होती ते नादाचे तीन गुणधर्म, उंची, लहानमोठेपणा आणि जाती, आणि माझ्यासमोर केसमध्ये ओळीने तेच तीन डबे बसवलेले होते. ऑसिलेटर म्हणजे उंची, अँप्लिफायर म्हणजे लहानमोठेपणा, आणि फिल्टर म्हणजे जाती, म्हणजे बासरीचा सा आणि सनईचा सा एकाच उंचीचे असून वेगळे का ऐकू येतात ते. इतकी वर्षं हे यंत्र वापरतोय आणि हे मला त्या मुलीने दाखवलं. त्यात एक व्होल्ट वाढवला की बरोबर एक सप्तक वर, हा नियम सांगितला तेव्हा तर मुलं वहीत लिहून घ्यायला लागली, बारा स्वर म्हणजे एका स्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट, आणि मधल्या सगळ्या श्रुतीसुद्धा आहेत कारण व्होल्ट काही पेटीच्या पट्ट्यांसारखा तुटक नसतो, मींड घेता येते.

तर दोन डब्यांना नावं मिळाली, 'उंचीचा डबा' आणि 'लहानमोठ्याचा डबा'. अडलंय ते तिसऱ्यावर. 'जातीचा डबा' संगीताच्या दृष्टीने अगदी बरोबर, पण वर्गात उभं राहून मुलांना "आता आपण जात बदलूया" असं माझ्याच्याने म्हणवत नाही, तो शब्द आपल्याकडे दुसरंच ओझं घेऊन येतो. परिभाषेतला 'छानक' म्हणून पाहिला, मुलांना त्यात 'छान' तेवढं ऐकू आलं.

मग मला तंबोऱ्याची जवारी आठवली. मिरज शेजारीच. सतारमेकर गल्लीत एकदा तंबोरा दुरुस्तीला दिला होता तेव्हा तासभर बसून पाहिलंय, कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर कानस अगदी हलक्या हाताने दोनदा फिरवणार, फुंकर मारणार, तार छेडणार, मग तारेखालचं सूत केसभर पुढे सरकवणार, आणि एका क्षणी तीच तार एकदम झणझणायला लागते, सूर तोच पण आत दिवा लागल्यासारखा. फिल्टरचा नॉब उजवीकडे फिरवला की मला हुबेहूब हेच ऐकू येतं. आणि जवारीला आपण खुली, बंद असंही म्हणतो, फिल्टरलाही उघडला, मिटला म्हणतात. तर फिल्टरला 'जवारी' म्हणावं का? तुमचं मत सांगा.

— प्रतिसाद

गाळणी म्हणा ना सरळ! फिल्टर कॉफी, पाण्याचा फिल्टर, चहाची गाळणी, सगळीकडे तोच अर्थ आहे. लो-पास म्हणजे खालचे सूर खाली गळतात आणि वरचे अडकतात. मुलांना लगेच कळेल.

— प्रतिसाद

गाळणी की चाळणी हे ठरवा आधी. आमच्या घरात गाळणी ओल्याला आणि चाळणी कोरड्याला. शिवाय चाळणीत रव्याची वेगळी, मैद्याची वेगळी, भोकाचा आकार बदलतो, म्हणजे कटऑफचा, कुठून वर अडवायचं ते ठरवणारा, नॉब फिरवला की चाळणी बदलली असं समजावता येईल. गाळणीचं भोक काही बदलत नाही.

— प्रतिसाद

दादा, तुमचं मिरजेचं वर्णन वाचून फार बरं वाटलं, पण 'जवारी' फिल्टरला देऊ नका, हे कळकळीने सांगतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, निवृत्त झालोय, सतारही थोडीफार वाजवतो.

जवारी भर घालते. फिल्टर काढून घेतो. दोन्हींचा परिणाम कानाला जवळचा वाटला तरी काम उलटं आहे. तार घोडीच्या त्या किंचित गोलाई दिलेल्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि त्यामुळे तारेचा जोर वरच्या स्वयंभू स्वरांकडे, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांकडे, सरकत राहतो, म्हणजे छेडताना जे तितकंसं नव्हतं ते तयार होतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट मोग यांच्या पद्धतीच्या सिंथमध्ये काय होतं? ऑसिलेटर आधीच सगळं ओतून देतो. करवतीच्या दात्यांसारखा तरंग घ्या, २०० हर्ट्झचा सूर धरला तर त्यात ४००, ६००, ८०० असे सगळे वरचे सूर असतात, जोर निम्मा, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असा उतरत गेलेला. चौकोनी तरंगात फक्त विषम, ६००, १००० असे. आणि मग फिल्टर त्यातलं वरचं कापतो. म्हणूनच त्याला वजाबाकीचं संश्लेषण म्हणतात. एक आणखी, तरंगाचा आकारच बदलला तरी नादाची जाती बदलते, त्यामुळे जाती एकट्या फिल्टरची आहे असं मुलांना सांगू नका, थोडी ऑसिलेटरचीही आहे.

चाळणीबद्दलही एक. चाळणी जे अडवते ते पूर्ण अडवते. फिल्टर तसा नाही, त्याला उतार असतो. मोगचा प्रसिद्ध फिल्टर २४ डेसिबलचा, म्हणजे कटऑफच्या वर गेल्यावर प्रत्येक सप्तकाला जोर साधारण सोळावा हिस्सा होत जातो, शून्य कधीच होत नाही. त्या मंडलाचं (सर्किटचं) चित्र काढलं तर ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकीवर एक पायऱ्यांसारख्या दिसतात म्हणून त्याला लॅडर म्हणतात, आपण 'शिडी' म्हणू शकतो, हा शब्द मात्र चपखल बसतो.

तुमची जवारी वाया जात नाही पण. ती दुसऱ्या डब्याला द्या. न्यूयॉर्क राज्यात मोग कीबोर्ड आणि फिल्टरच्या वाटेने गेले, त्याच काळात, १९६३च्या सुमाराला, सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला वेगळ्या वाटेने निघाले. ती वाट अशी की साधा गोल तरंग घ्यायचा, ज्यात वरचे सूर जवळजवळ नाहीतच, आणि त्याची टोकं आत दुमडायची. जितक्या घड्या जास्त तितके नवे सूर जास्त. वेव्हफोल्डर म्हणतात त्याला. ही भर घालणारी गोष्ट आहे. तंबोऱ्याच्या घोडीशी नातं लावायचंच तर याच्याशी लावा.

— मूळ प्रश्नकर्ता

सर, मनापासून आभार. दोन दिवस हेच डोक्यात होतं. मी फक्त ऐकू काय येतं तेवढं धरून बसलो होतो, आत काय चाललंय ते पाहिलंच नाही. वेव्हफोल्डर माझ्याकडे नाही पण एका मित्राकडून रविवारपुरता आणतो.

— प्रतिसाद

चर्चा चालूच आहे तर माझाही एक शब्द घ्या. 'पॅच', म्हणजे डबे वायरींनी जोडून लावलेला आवाज. शब्दकोशात पाहिलं तर ठिगळ. सिंथवाले म्हणतात "छान पॅच झालाय" आणि मला गोधडी दिसते. मूळ टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तात्पुरत्या जोडणीचं आहे ना हे? मग 'जोडणी' का नको, नळजोडणी, वीजजोडणी सगळं आहे आपल्याकडे.

— प्रतिसाद

जोडणी वायरींपुरती ठीक आहे, पण १९७८ला प्रॉफेट-५ हा सिंथ आला, त्यात वायरी नव्हत्याच, नॉबच्या जागा स्मृतीत साठवायची सोय होती आणि त्या साठवलेल्या आवाजालाही लोक पॅचच म्हणत राहिले. वायर गेली, शब्द राहिला. असं बऱ्याच ठिकाणी होतं, आपण अजून फोन 'लावतो' आणि 'ठेवतो'. माझं मत पॅचला पॅचच राहू द्या. उलट 'सिंथेसायझर'चं बघा, सरकारी 'संश्लेषक' कुणी म्हणत नाही आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कुठल्याही कंपनीचा असला तरी तो 'कॅसिओ'. आमच्या गावात अजूनही "कॅसिओवाला आला का?" असंच विचारतात.

— प्रतिसाद

मोग की मूग? इथे वरती मोग लिहिलंय, मी कायम मूग म्हणत आलोय.

— प्रतिसाद

मोगच. रॉबर्ट मोग स्वतः आडनाव तसंच उच्चारायचे. आणि मी गोव्याची, आम्हांला तो उच्चार विसरणं शक्य नाही, कोंकणीत मोग म्हणजे प्रेम! एक आठवण करून देते, हे यंत्र आपल्याकडे फार लवकर आलंय. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोगचा मॉड्युलर बसवला होता, आणि गीता साराभाईंपासून अतुल देसाईंपर्यंत तिथल्या मंडळींनी त्यावर काम केलं, त्या फिती पुढे कित्येक वर्षं कपाटातच होत्या. त्यांनी आपसात या डब्यांना गुजरातीत-हिंदीत काय नावं ठेवली असतील याची मला फार उत्सुकता आहे.

— प्रतिसाद

मला 'व्हिंटेज'वर बोलायचंय कारण यात पैसे जातात. मूळ शब्द द्राक्षांच्या हंगामाचा, कुठल्या सालची वाईन ते. म्हणजे साल महत्त्वाचं, जुनेपणा नाही. पण जाहिरातीत काय वाट्टेल त्याला व्हिंटेज लिहितात. मी एका विक्रेत्याकडून असाच एक व्हिंटेज म्हणून घेतला, घरी आणला, नॉब फिरवला की खरखर, आणि दोन सप्तकं वर गेलं की एक ऑसिलेटर पाव स्वर उतरायचा. उघडून पाहिलं तर आतलं निम्मं पुढे कधीतरी बदललेलं.

माझ्या मते चार वेगळे शब्द हवेत. मिनीमोग मॉडेल डी हा सिंथ १९७० ते १९८१ बनला तो 'अस्सल'. त्याच नावाखाली २०१६ला पुन्हा काढला, ते 'पुनर्मुद्रण' म्हणू, पुस्तकासारखं. कॉर्गचा एमएस-२० हा १९७८चा, त्याचा लहान अवतार २०१३ला आला, ती 'सुधारित आवृत्ती' म्हणू. आणि दुसऱ्याच कुणी तेच मंडल उतरवून काढलेलं असेल तर जुन्या कागदपत्रांवर असायचं ते 'अस्सलबरहुकूम नक्कल'. यात नकलेला मी कमी लेखत नाही, ज्याला दीड-दोन महिन्यांच्या पगारात वाजवायला मिळतंय त्याने जरूर घ्यावी, फक्त विकणाऱ्याने नाव खरं सांगावं.

आणि जुनं म्हणजे कधीतरी नवं होतंच. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ला ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ हे सिंथ व टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन दहा राग वाजवले तेव्हा ती यंत्रं बाजारात ताजी होती.

— प्रतिसाद

सूर उतरण्याबद्दल: जुना अ‍ॅनालॉग असेल तर अर्धा तास आधी चालू करून ठेवा. व्होल्टचं सप्तकात रूपांतर करणारे ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे असतात, भरपाईची सोय नसेल तर दर अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो. 'ड्रिफ्ट'ला वेगळा शब्द शोधू नका, 'सूर ढळला' आहेच. आणि अ‍ॅनालॉगला 'अनुरूप', 'सदृश' सुचवतात, पण मी आजीला समजावलं ते असं, काट्याचं घड्याळ आणि आकड्यांचं घड्याळ. काटा मधल्या सगळ्या जागांवरून जातो.

— मूळ प्रश्नकर्ता

कालच्या रविवारचं सांगतो, कारण शब्द शेवटी मुलांनीच ठरवले.

नॉबला त्यांनी विचारल्याशिवायच 'खुंटी' म्हणायला सुरुवात केली, तंबोऱ्याची खुंटी पिळायची तशी. फिल्टरला मी 'गाळणी' म्हटलं, चाळणी सोडून दिली कारण आवाज कोरडा वाटत नाही, वाहतो. सरांचं ऐकून "गाळणी पूर्ण अडवत नाही, वरचं पातळ करत नेते" असंही सांगितलं आणि ते त्यांना पटलं. करवतीचा सूर लावला, खुंटी डावीकडे आणली, तर एकजण म्हणाला "आता घागरीत बोलल्यासारखं वाटतंय".

मग मित्राचा वेव्हफोल्डर लावला. शेजारी ताईचा तंबोरा. आधी तंबोऱ्याच्या एका तारेखालचं सूत काढलं आणि छेडली, बोथट आवाज, मग सूत घालून हळूहळू सरकवलं. नंतर साधा गोल तरंग लावून घडीची खुंटी फिरवायला त्या पहिल्या दिवशीच्या मुलीलाच सांगितलं. अर्ध्यावर आली आणि स्वतःच म्हणाली, "दादा, जवारी लागली." सर, तुमचा शब्द बसला. त्या डब्यावर आता चिकटपट्टी लावून 'जवारी' लिहिलंय, मित्राला परत देतानाही ती तशीच ठेवणार आहे.

एकच उरलंय. रेझोनन्स. पुस्तकी 'अनुस्पंदन' जड जातंय, 'तरफ' म्हणावं तर सतारीच्या तरफेच्या तारा दुसऱ्या तारेच्या सुराला साथ देतात, इथे गाळणी आपल्याच काठावरच्या सुराला उचलून धरते, आणि खुंटी पूर्ण फिरवली की ऑसिलेटर बंद असला तरी ती एकटीच वाजायला लागते. मुलं त्याला 'शीळ' म्हणतायत, पण ते शेवटच्या टोकाचं झालं, मधल्या अवस्थेला काय? कुणाला सुचलं तर पुढच्या रविवारच्या आत सांगा, तेव्हा तोच डबा घेणार आहे.