विषय: अँब्युलन्सची वर्गणी आणि न आलेली गाडी

खजिनदार:
मंडळी नमस्कार, स्वयंसेवी पथकाचं पत्र आलंय. दोन वर्षांपूर्वी आपण नव्या अँब्युलन्ससाठी वर्गणी काढली. गाडीचा पत्ता नाही आणि आता भाव वाढला म्हणून आणखी मागताहेत. जुनी तर जेमतेम सव्वा लाख किलोमीटर चाललीये. आपल्या गाड्या दुप्पट पळतात. सभासदांना मी काय सांगू?

उत्तर:
काका, दर शनिवारी ती गाडी मीच चालवते, म्हणून लिहिते. किलोमीटर बघू नका, तास बघा. पेशंटच्या दारात उभी असतानाही इंजिन चालूच ठेवावं लागतं. दिवे, एसी, सक्शन (पेशंटच्या घशातला स्राव ओढणारं यंत्र) सगळं त्याच्याच जिवावर. तासभर उभ्या इंजिनाची झीज ४०-५० किलोमीटर धावल्याइतकी धरतात. बाजूचं दार मी कमरेने रेटून लावते, पेशंट आत असला तरी.

आता उशिराचं. चॅसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, वाहन कंपनीची; वरचा पेशंटचा डबा बांधणारा वेगळा. २०२१ मध्ये गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला, चॅसिस येईनात, आणि डबेवाल्यांकडे ऑर्डरी तुंबल्या. शिवाय आपल्या करारात चॅसिसचा भाव ती येईल त्या दिवशीचा आहे; फरक पथकाने भरायचा. स्ट्रेचर आणि मॉनिटरचे पैसे वेगळेच.

आणखी एक सभासद:
जुना डबा उचलून नव्या चॅसिसवर बसवतात म्हणे. स्वस्तात काम होईल की!

उत्तर:
दादा, स्वस्त पडेल खरं, ॲल्युमिनियमचा डबा चॅसिसपेक्षा जास्त टिकतो. पण चॅसिसची रांग काही चुकत नाही, आणि काम होईपर्यंत गाडी वर्कशॉपात. आमच्याकडे आहेतच दोन. दुसरी हिच्याहून म्हातारी.

मला विचाराल तर क्रमच चुकला. पै न् पै जमेपर्यंत पथकाने ऑर्डर दिली नाही, त्यात आठ महिने गेले. गाडीवर मंडळाचं नाव कुठल्या बाजूला, यावर मात्र आपण तीन बैठका घेतल्या! पुढच्या गाडीचा नंबर आत्ताच लावायला सांगा आणि त्याचा इसार मंडळाने द्यावा. उरलेली वर्गणी गाडी येईपर्यंत जमवू.

खजिनदार:
इसाराचं मला पटतंय. पण तो परत मिळतो की बुडतो, ते आधी विचार. करारातलं भाववाढीचं पानही स्कॅन करून पाठव, रविवारी समितीपुढे ठेवतो. आणि त्या तीन बैठका मीच बोलावल्या होत्या, आहे लक्षात.