.३०३ ची पुंगळी बुडापाशी तुटते, काय करू?

प्रश्न
मी कॅनडात असतो. क्लबमध्ये ली-एन्फील्ड नं. ४ ही .३०३ ची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल चालवतो, काडतुसं स्वतः भरतो. पुंगळ्या (काडतुसांच्या पितळी नळ्या) दोन-तीनदा भरल्या की बुडाच्या थोडं वर चकचकीत रेघ उमटते. परवा एक तिथेच तुटली, पुढचा तुकडा चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) अडकला. दारू तर पुस्तकातल्या सर्वांत कमी मापाची! आता एक जण 'केएफ' शिक्क्याच्या, १९४०च्या दशकातल्या पुंगळ्या देतोय. घेऊ का?

प्रतिसाद १
रेघ दिसलेल्या सगळ्या पुंगळ्या आजच बाद करा. दारूला दोष देऊ नका. .३०३ चं काडतूस चेंबरमध्ये बुडाच्या कडेवर टेकतं, खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही. शिवाय चिखलामातीतही ते आत जावं म्हणून लष्करी चेंबर खांद्यापाशी ऐसपैस ठेवलेलं. बार उडाला की पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला घट्ट धरतो, बूड मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) रेटलं जातं आणि मधलं पितळ ताणतं. तुम्ही फुल-लेंग्थ डायने (पूर्ण पुंगळी आवळून मापात आणणाऱ्या साच्याने) खांदा परत मागे ढकलत असणार, म्हणजे पुढच्या बाराला पुन्हा तेवढाच ताण. त्याच रायफलसाठी भरताय ना? मग फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, आवळून मापात आणा. बारीक तारेचं टोक वाकवून आतून फिरवा. बुडापाशी खाचेत अडकलं की पुंगळी मोडीत. हेडस्पेसही (बोल्टचं तोंड आणि कड टेकते ती जागा यांतलं अंतर) गनस्मिथकडून तपासून घ्या. नं. ४ चे बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) ० ते ३ अशा मापांत येतात, अंतर जास्त निघालं तर ते बदलता येतं.

प्रतिसाद २
केएफ म्हणजे आपली खडकी! कारखाना १८६९चा. मला त्या पुंगळ्यांचं फार अप्रूप आहे, म्हणूनच सांगतो, जपून ठेवा, भरू नका. त्यांना बर्दान प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) असतो: टोपी जिच्यावर चेपते ती ऐरण पुंगळीतच घडवलेली, बाजूला दोन बारीक भोकं. तुमच्या डायची जुना प्राइमर काढणारी पिन मधोमध ऐरणीवर आपटून मोडेल. (दुसरा प्रकार बॉक्सर: ऐरण प्राइमरमध्येच, पुंगळीला मधोमध एकच भोक. बर्दान अमेरिकी, बॉक्सर इंग्रज, तरी ब्रिटिश लष्कराने .३०३ ला बर्दान घेतला आणि अमेरिकेने बॉक्सर.) आत कॉर्डाइट नावाच्या दारूच्या काड्या असायच्या. त्या आधी सरळ नळीत घालत, मान नंतर आवळत. किती निगुतीचं काम!

प्रश्नकर्ता
तार फिरवली. रेघ न दिसणाऱ्या काही पुंगळ्यांतही खाच लागली, सगळ्या मोडीत काढल्या. नव्या बॉक्सरवाल्या मागवतो. गोळी .३०८ इंच व्यासाची चालेल?

प्रतिसाद १
नाही. .३११ किंवा .३१२ घ्या. .३०८ नळीत सैल जाते, नेम लागणार नाही. १७४ ग्रेन वजनाची मिळाली तर उत्तम, १९१०च्या लष्करी मार्क ७ गोळीचं वजन तेच होतं.