लांबची सहल बंद करून वर्षभर जवळचे फेरफटके काढावेत का?

फळाखडू (धागाकर्ते)

प्राथमिकच्या कुठल्याही वर्गाचं वार्षिक नियोजन उघडा. उपक्रम एका पानावर, सहल दुसऱ्या पानावर, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वर्षभर बिया रुजवायच्या, तक्ते लावायचे आणि शेवटी बसमध्ये बसून लांब कुठेतरी जाऊन यायचं. माझं म्हणणं असं की पहिली ते चौथीची लांबची सहल बंद करावी. तोच वेळ आठ छोट्या फेरफटक्यांना द्यावा, शाळेपासून दहा मिनिटं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि दर वेळी त्याच जागी.

त्याच जागी का? जॉन फॉक या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं आहे की अगदी अनोळखी जागी मुलांचं लक्ष जागेशी जुळवून घेण्यातच जातं आणि दिलेलं काम मागे पडतं. जागा ओळखीची झाली की काम सुरू होतं.

दोन कामं पुरेशी आहेत. एक म्हणजे झाड. प्रत्येक जोडीने डोळ्यांच्या उंचीवरची एक फांदी निवडून तिला लोकरीचा धागा सैल बांधायचा (घट्ट बांधला तर फांदी जाड होताना तो सालीत रुततो) आणि धाग्यापुढची पानं, कळ्या दर महिन्याला मोजायच्या. दुसरं, जमिनीवर एक मीटरचा चौकोन. चार खुंट्या आणि साडेचार मीटर सुतळी लागते. कर्ण १४१ सेंटिमीटर भरला तर चौकोन बरोबर, नाहीतर तो तिरपा झाला आहे. आत किती प्रकारची रोपं आहेत ते पानांच्या आकारावरून मोजायचं, नावं आली नाहीत तरी चालतं. एका कोपऱ्यावर रंगवलेला दगड अर्धा पुरून ठेवा. खूण नसेल तर पुढच्या महिन्यात चौकोन हातभर सरकतो आणि तुलना गेली. आणि मुलांना बाहेर उभं राहून वाकायला शिकवा, आत पाय पडला की पुढच्या वेळी फक्त तुडवलेलं गवत मोजायला मिळतं.

शिट्टीवाले

पूर्ण असहमत. १९७८ च्या त्या निष्कर्षातून ‘लांब जाऊ नका’ असं निघत नाही, ‘आधी तयारी करून जा’ असं निघतं. आदल्या दिवशी जागेचं दार, स्वच्छतागृह आणि डबा खायची जागा यांचे फोटो दाखवा, फळ्यावर नकाशा काढा. तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही काम देऊ नका, नुसतं बघू द्या. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

संग्रहालयात वीस प्रश्नांची कार्यपत्रिका देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. मुलं वस्तूकडे बघतच नाहीत, पाटीवरचा मजकूर उतरवून घेतात. त्याऐवजी एकच वस्तू निवडा आणि दहा मिनिटं बसून तिचं चित्र काढा, एवढं पुरे. कागदाखाली जाड पुठ्ठा हवा आणि पेन्सिलच हवी, कारण बऱ्याच संग्रहालयांत पेन चालत नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं. भेटीसाठी शाळांचे अर्ज जागांपेक्षा जास्त आले, म्हणून सोडत काढली, आणि त्यामुळे गेलेल्या व न गेलेल्या वर्गांची सरळ तुलना करता आली. सुमारे तासाभराच्या मार्गदर्शित फेरीनंतरही नवं चित्र बघून त्याबद्दल विचार मांडण्यात गेलेली मुलं पुढे होती, आणि फरक सगळ्यात जास्त दिसला तो ग्रामीण आणि गरीब शाळांत. ज्या मुलांना घरचे कुठे नेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी शाळेची बस हाच एक मार्ग असतो. तो बंद करून त्यांना शाळेमागचा चौकोन देणार?

फळाखडू

शिट्टीवाले, तासाभराच्या फेरीचा उल्लेख तुम्हीच केलात ते बरं झालं. आता आपल्या सहलीचा हिशोब मांडा. सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला परत, म्हणजे नऊ तास. त्यात चार तास बस, एक तास डबा, आणि चढणं-उतरणं, मोजणं, स्वच्छतागृहाच्या रांगा यांत दीड तास. उरले अडीच, आणि त्यातही तीन ठिकाणं कोंबलेली असतात. प्रवासाने मळमळणारी मुलं वेगळीच. त्यांना पुढे बसवा, लांब बाहेर बघायला सांगा, पुस्तक-मोबाइल देऊ नका, हे सगळं करूनही दोन-तीन पिशव्या लागतातच.

पाटीपेन्सिल

फळाखडू, बसला घाबरता आणि रस्त्यावर चाळीस मुलं चालवायला निघालात! जोड्यांची रांग केली तरी वीस जोड्या होतात, म्हणजे वीस-पंचवीस मीटरची शेपटी. चौकात ती अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे अडकते, सगळ्यात धोक्याची वेळ तीच. त्यामुळे रांगेने रस्ता ओलांडायचाच नाही. कडेला रांग थांबवायची, सगळ्यांनी रस्त्याकडे तोंड करायचं आणि एका आडव्या ओळीत एकदम पार व्हायचं. दोन मोठी माणसं दोन्ही बाजूंची वाहनं अडवून उभी, आणि शेवटचं मूल पोचेपर्यंत ती जागा सोडत नाहीत. लहान वर्गांना सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. आठ फेरफटके म्हणजे आठ वेळा सहा-सात पालक गोळा करा. कामावर जाणारे पालक पहिल्या दोन वेळा येतात, मग नाही.

मोजण्याबद्दलही सांगते. ‘आपापला नंबर बोला’ ही पद्धत फसवी आहे, शेजारचा मित्राचा नंबर ठोकून देतो. गटप्रमुखाने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून सहा मोजायचे आणि आकडा बाईंना सांगायचा. बस हलण्याआधी, आणि थांबा सुटतानाही.

वाळू_खडी

तुमचं भांडण अंतरावरून चाललंय, मला खरा घोळ वेळेचा वाटतो. सहल वर्षाच्या शेवटी का? तेव्हा धडे संपलेले असतात, पुढे काही करायलाच उरत नाही. ती मधे घ्या आणि आधीचे तीन आठवडे वर्गात त्याच विषयावर काम करा.

जलशुद्धीकरण केंद्राचंच घ्या. जाण्याआधी वर्गात गाळणी करायची. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरायची, तोंडाला दुहेरी सुती कापड बांधायचं. त्यावर पाच सेंटिमीटर बारीक वाळू, पाच भरड वाळू, वर पाच सेंटिमीटर खडी. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. वाळू धुतलेली नसते, मग ओतलं त्यापेक्षा गढूळ पाणी खाली येतं. ती सहा-सात वेळा, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायला हवी. दुसरं म्हणजे घाईत खडी राहून जाते. पाण्याची धार थेट वाळूवर पडली की खड्डा पडतो आणि पाणी तेवढ्याच वाटेने सुटतं, गाळलं जातच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन बरण्यांत तेच गढूळ पाणी घ्या, एकीत चिमूटभर तुरटीची पूड टाकून मिनिटभर हलक्या हाताने ढवळा आणि ठेवून द्या. अर्ध्या तासात त्या बरणीत पुंजके जमून खाली बसू लागतात, दुसरी गढूळच राहते. पूड जोरात घुसळली तर पुंजके फुटतात. हे मुलांना करू द्या, त्यांच्या हाताने बिघडू द्या. एक बंधन मात्र कडक ठेवा: कितीही नितळ दिसलं तरी हे पाणी प्यायचं नाही, जंतू त्यात आहेतच.

एवढं झालेली मुलं केंद्रातल्या मोठ्या टाक्यांपाशी गेली की ‘ही आपली बाटली’ असं स्वतःच म्हणतात, आणि वाळू कशी धुता हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारतात. (उत्तर: खालून उलट दिशेने पाणी सोडून. बाटलीत हे जमत नाही, म्हणूनच त्यांना नवल वाटतं.) अशा सहलीला तीन ठिकाणं लागत नाहीत.

शिट्टीवाले

वाळू_खडी, हे मान्य. पण पाण्याच्या केंद्राची परवानगी आणि वेळ आधी ठरवावी लागते. दोन महिने आधी पत्र, शिक्षकाने एकदा स्वतः जाऊन उघड्या टाक्यांना कठडे कुठे आहेत ते बघणं, आणि चाळीसच्या पटाचे दोन गट. टाकीपाशी एका वेळी वीसच, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

फळाखडू

चला, एक बस मान्य, तीही वर्षाच्या मधे आणि एकाच ठिकाणी. पाटीपेन्सिल, आठांऐवजी चार फेरफटके करू. चालत जाण्याच्या जागेसाठी पालकांचं एकच संमतीपत्र वर्षाच्या सुरुवातीला घ्या, बससाठी वेगळं. चौकोन मात्र मी सोडणार नाही. रस्त्याचाच प्रश्न असेल तर तो शाळेच्या आवारात आखा, कुंपणाच्या आत.

पाटीपेन्सिल

आवारात आखलात तर मधल्या सुट्टीत दुसरे वर्ग त्यावरून धावणार. खुंट्या जमिनीच्या वर दिसू देऊ नका, कोणीतरी अडखळेल. पूर्ण ठोका आणि सुतळी मोजण्यापुरतीच लावा.