थांबायचं कधी, ते कोणी ठरवायचं?

आझाद मैदान
लोक ‘आत्ताच का?’ विचारतात तेव्हा थांबावं, ‘अजून का नाही?’ विचारेपर्यंत ताणू नये, असं जुने कसोटी फलंदाज विजय मर्चंट निवृत्तीबद्दल सांगत. कसोटीपुरतं गावसकरांनी ते पाळलं. मार्च १९८७, बंगळुरू, चेंडू हातभर वळतोय आणि शेवटच्या डावात ९६! सचिनने मात्र ताणलं. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला १४६ केल्या, त्यानंतर कसोटी शतक नाही, तरी नोव्हेंबर २०१३ पर्यंत खेळला. आपला अजिंक्य रहाणे तेव्हा वर्षभराहून जास्त काळ बाकावर होता. पहिली कसोटी मिळाली मार्च २०१३ मध्ये.

माझा भाचा सोळा वर्षांचा. पहाटेच्या डोंबिवली लोकलमध्ये किटबॅग पायांत धरून दाराशी उभा असतो, उतरताना रोज कोणीतरी खेकसतं. वरची एक जागा अडली की खाली या पोरांपर्यंत रांग तुंबते.

दादर पश्चिम
मर्चंटांचं अर्धंच सांगितलंत. १९५१ मध्ये दिल्लीला १५४ केल्या, पण त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला. म्हणून थांबावं लागलं. आणि २००७ चा विश्वचषक? पहिल्याच फेरीत बाहेर पडलो तेव्हाही ‘सचिन, आता बस’ म्हणणारे होते. त्याने ऐकलं असतं तर ग्वाल्हेरचं द्विशतक नाही, २०११ चा वानखेडेवरचा कप नाही. खेळाडूने खेळावं. जमत नसेल तर वगळायला निवड समिती आहे.

आझाद मैदान
समिती एवढ्या मोठ्या नावाला हात लावत नाही, हेच तर दुखणं आहे. म्हणून त्यानेच ठरवायला हवं.

गिरगावकर
वसीम जाफर विसरलात दोघंही. मुंबई सोडून विदर्भाकडे गेला, दोन रणजी करंडक जिंकले. २०१८-१९ च्या मोसमात हजारावर धावा, त्याच मोसमात वयाची ४१ वर्षं भरत आलेली. वय बघून कोणाला काढू नका राव.

आझाद मैदान
जाफरचं शंभर टक्के मान्य. त्याने धावा करून जागा राखली. माझं भांडण धावा आटल्यानंतरच्या दिवसांशी आहे.

दादर पश्चिम
१५ नोव्हेंबर २०१३ ला मी वानखेडेवर होतो. सचिनची शेवटची कसोटी, आदल्या संध्याकाळी तो नाबाद ३८. सकाळी असा सुरेख खेळत होता की शेजारचे आजोबा वडापाव हातात तसाच धरून बसले. ७४ वर वेस्ट इंडिजच्या सॅमीने स्लिपमध्ये झेल घेतला आणि अख्खं स्टेडियम गप्प झालं. मग सगळे उभे. आजोबाही, गुडघ्यावर हात टेकत. ही खेळी बघायची राहिली असती.

आझाद मैदान
टीव्हीसमोर मीही रडलो त्या दिवशी. पण मधली पावणेतीन वर्षं मला अजून सलतात.