अभियांत्रिकीच्या विकल्प अर्जातील पसंतीक्रम कोणी ठरवावा: मुलीने की वडिलांनी?

प्रश्न – एक आई, सातारा

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी उत्तीर्ण झाली असून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात तिला ९२ पर्सेंटाइल मिळाले आहेत. घरात अपेक्षा पंच्याण्णवच्या पुढची होती, त्यामुळे निकालापासून सगळेच थोडे अबोल झाले आहेत. तिला स्थापत्य अभियांत्रिकी शिकायची आहे आणि तीही कराडच्या शासकीय महाविद्यालयात. ही आवड कालपरवाची नाही. शाळेच्या सहलीत कोयना धरण पाहून आल्यापासून ती हेच सांगत आली आहे. यजमानांचे म्हणणे मात्र असे आहे की, आजच्या काळात संगणक शाखाच घ्यावी, मग ती पुण्यातील कोणत्याही खासगी महाविद्यालयात का मिळेना, आणि कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, न मिळाल्यास व्यवस्थापन कोट्यातून (महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून) घ्यावी. माझ्या दिरांचा मुलगा त्याच शाखेत शिकतो आणि त्याचे उदाहरण रोज जेवताना निघते.

प्रवेशाच्या संकेतस्थळाचे लॉगिन यजमानांच्या मोबाइल क्रमांकावर आहे व विकल्प अर्ज, म्हणजे हव्या असलेल्या महाविद्यालयांची आणि शाखांची पसंतीक्रमाने यादी, आपणच भरणार, असे त्यांनी सांगून टाकले आहे. मुलगी वाद घालत नाही, पण जेवण अर्धवट सोडून उठते आणि मैत्रिणींचे फोनही घेत नाही. आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून आमचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. संगणक शाखेचे विकल्प वर ठेवून कराडचा स्थापत्य विकल्प खाली ठेवला, तर दोघांचेही समाधान होईल का? आणि अशा वेळी आईवडिलांनी नेमके किती लक्ष घालावे?

उत्तर १ – एक प्राध्यापक, प्रवेश सुविधा केंद्रात काम करणारे

ताई, आधी तुमच्या तांत्रिक प्रश्नाचे उत्तर देतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. जागावाटप करताना संगणकप्रणाली गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका उमेदवाराचा अर्ज घेते आणि त्याने दिलेला क्रम वरून खाली तपासत जी पहिली जागा शिल्लक आणि पात्रतेत बसणारी असेल, ती त्याला देते. म्हणजेच वर लिहिलेला विकल्प मिळाला नाही, तरी तो वर लिहिल्यामुळे खालचे विकल्प मिळण्याची शक्यता कमी होत नाही, आणि ‘मिळण्यासारखा’ विकल्प मुद्दाम वर आणल्याने काही जास्त हाती लागत नाही.

तुम्ही सुचवलेल्या तोडग्यात खरा धोका पुढेच आहे. २०२५-२६ पासून अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये चार फेऱ्या घेतल्या जातात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, की ती जागा आपोआप गोठवली जाते. ती स्वीकारली नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांत भाग घेता येत नाही. समजा, यजमानांनी पुण्यातील एखाद्या खासगी महाविद्यालयाची संगणक शाखा पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि ती पहिल्याच फेरीत मिळाली. त्या क्षणी कराडचा विकल्प कागदावर उरेल, प्रत्यक्षात संपलेला असेल. मुलीला बेटरमेंटचा, म्हणजे मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीत वरच्या विकल्पासाठी थांबण्याचा, पर्याय निवडण्याची संधीसुद्धा मिळणार नाही. सुविधा केंद्रात दरवर्षी रडकुंडीला आलेली मुले दिसतात, त्यांपैकी बहुतेकांची तक्रार कमी गुणांची नसते. आपल्याला नको असलेला विकल्प घरच्या कोणीतरी वर टाकला, ही असते.

म्हणून वरचे सहा विकल्प असे असावेत की त्यांपैकी कोणताही मिळाला तरी मुलगी मनापासून तेथे जाईल. त्याखाली हवे तितके विकल्प द्या. यादी लांब असण्याने नुकसान नाही. यजमानांना हवी असलेली संगणक शाखाही तेथे बसू शकते. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहताना प्रवर्ग, मुलींच्या ३० टक्के जागा आणि गृह विद्यापीठ या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. बारावी ज्या जिल्ह्यातून झाली त्यावरून गृह विद्यापीठ ठरते. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात असल्याने पुण्यातील महाविद्यालयांत तिला गृह विद्यापीठाच्या, म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील मुलांसाठी ठेवलेल्या, जागांचा लाभ नाही.

आता व्यवस्थापन कोट्याविषयी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती गेली. हा हिशेब यजमानांसमोर शांतपणे, कागदावर आकडे मांडून ठेवावा. भावनेपेक्षा तो लवकर पटेल.

उत्तर २ – एक वडील, नाशिक

वरील माहितीशी मी सहमत आहे, परंतु तुमच्या यजमानांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. स्थापत्य शाखेत कॅम्पस मुलाखतींतून मिळणाऱ्या नोकऱ्या संख्येने आणि सुरुवातीच्या वेतनानेही संगणक शाखेपेक्षा सामान्यतः कमी असतात, हे खोटे नाही. ज्या घरात एकाच्या पगारावर सगळे चालते, तेथील वडिलांना ही काळजी वाटणारच आणि तिला हट्ट म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. मात्र काळजी व्यक्त करणे वेगळे आणि लॉगिन स्वतःकडे ठेवून घेणे वेगळे.

माझ्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही कामे वाटून घेतली होती. कागदपत्रे, पैसे, मुदती आणि प्रवास माझ्याकडे. शाखा आणि क्रम त्याच्याकडे. मला जे प्रश्न पडले होते ते मी त्याला एकदाच लिहून दिले: या शाखेनंतर काय करणार, सरकारी सेवेची परीक्षा देणार की गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन पुढे शिकणार, आणि नोकरी लागायला वेळ लागला तर काय? त्याने त्यांची उत्तरे स्वतः शोधून आणली, काही उत्तरे कच्चीही होती, पण त्या शोधाशोधीत त्याचा निर्णय त्याचा स्वतःचा झाला. तुमच्या मुलीला सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद येथील अभियंत्यांच्या भरतीची माहिती काढायला सांगा. त्या विभागांतील एखाद्या अभियंत्याशी वडिलांसमोरच तिचे बोलणे घडवून आणता आले तर आणखी चांगले.

दिरांच्या मुलाचा विषय मात्र जेवणाच्या ताटावरून उठवाच. नातेवाइकांचे फोन आले की ‘अजून फेऱ्या बाकी आहेत, झाले की कळवू’ एवढे उत्तर आम्ही ठरवून ठेवले होते. त्याने घर बरेच शांत राहिले.

उत्तर ३ – द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

काकू, मी मुलीच्या बाजूने थोडे लिहिते. निकालानंतर आमच्यासारख्यांना ‘पुढच्या वेळी चांगले होईल’ असे कोणी म्हटले की अधिकच वाईट वाटते, कारण पुढची वेळ नसते. त्यापेक्षा तिच्याशेजारी बसून ‘तू केलेली यादी मला दाखव’ असे म्हणा आणि ती बोलत असताना मध्ये सल्ला देऊ नका. ९२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातील साधारण ब्याण्णव जण तिच्या मागे आहेत. त्याला गुणांची टक्केवारी समजून कमी लेखणारे नातेवाईक माझ्याही घरी होते. संगणकाचे आकर्षण असेल तर अनेक स्वायत्त महाविद्यालयांत मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या शाखेतील विषय मायनर (जोड-विषय) म्हणून घेता येतात, हेही काकांना सांगा.

जेवण सोडणे आणि मैत्रिणींशी न बोलणे असेच चालू राहिले तर त्याकडे प्रवेशाचा ताण म्हणून पाहू नका. टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत, मराठीतून, दिवसरात्र केव्हाही बोलता येते. तिची तयारी नसेल तर आधी तुम्ही फोन केला तरी चालेल.

प्रश्नकर्त्या आई

सर्वांचे आभार. शुल्कमाफीचा मुद्दा यजमानांना माहीत नव्हता. तो वाचून ते बराच वेळ आकडेमोड करत होते. यादी तिघांनी मिळून पाहायची आणि वरचे सहा विकल्प तिने लिहायचे, एवढे त्यांनी मान्य केले आहे, जरी कराडनंतर दुसऱ्या क्रमांकावर काय असावे यावर अजून एकमत नाही. कागदपत्रांत काय पाहून घ्यावे आणि कराडला वसतिगृहाचे कसे असते, हे कोणी सांगेल का?

उत्तर ४ – तेच प्राध्यापक

नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राची (कुटुंब मागास प्रवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मुदत पाहा. ते प्रवेशवर्षाच्या पुढील ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. जात वैधता प्रमाणपत्र अजून हाती नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती जपून ठेवा आणि त्या वर्षीच्या सूचनांत मुदत किती दिली आहे ते वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांवरील मुलीचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का, हे आजच तपासा. ऐनवेळी खोळंबा बहुधा येथेच होतो. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर प्रवर्ग आणि गुण बरोबर दिसतात का, तेही मुलीनेच पाहावे, कारण तक्रार नोंदवायला मोजकेच दिवस मिळतात. विकल्प अर्ज निश्चित केल्यावर त्याची छापील प्रत काढून क्रम पुन्हा एकदा वाचा. वसतिगृहाचा अर्ज कॅपमध्ये नसतो, तो महाविद्यालयात वेगळा करावा लागतो, तेव्हा प्रवेश निश्चित करायला जाल त्याच दिवशी तेथील कार्यालयात चौकशी करा.