‘ऑल माय सन्स’चा नायक कोण, जो केलर की ख्रिस?

प्रश्न
आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकावर (१९४७) उत्तर लिहायचंय. मध्यवर्ती पात्र एकच ठरवून ते सिद्ध करायचं आहे. पहिल्या अंकात सगळी धडपड जो केलरच्या मुलाची, ख्रिसची दिसते. युद्धात बेपत्ता झालेला भाऊ लॅरी, त्याची प्रेयसी अ‍ॅन; तिला ख्रिसनेच बोलावलंय, तिच्याशी लग्नाचा हट्टही त्याचाच. कारखानदार बाप जो परसात बसून रविवारच्या पेपरातल्या जाहिराती वाचतोय. पण शेवटी मरतो जो. मग नायक कोणाला म्हणू?

प्रतिसाद १
जो केलर. ‘गोष्ट कोण पुढे नेतं’ ही कसोटी इथे फसवते, कारण खरी कृती पडदा उघडण्याआधीच होऊन गेली आहे. युद्धात विमानांच्या इंजिनांसाठी बनवलेल्या सिलिंडर हेड्सचे तडे बुजवून माल पाठवायला जोने फोनवरून सांगितलं. २१ पी-४० लढाऊ विमानं कोसळली. भागीदार स्टीव्ह (अ‍ॅनचा बाप) तुरुंगात राहिला, जो अपिलात सुटला. रंगमंचावर घडतं ते झाकलेलं उघडं पडणं, ग्रीक शोकांतिका ‘इडिपस’सारखंच. म्हणून विचारा: चूक कोणाची, ती उशिरा कोणाला उमगते आणि किंमत कोण मोजतं? तिन्हींचं उत्तर जो.

प्रतिसाद २
इतकं सरळ नाही. ख्रिस-अ‍ॅनचं लग्न व्हायचं तर लॅरी मेला हे घरात मान्य व्हायला हवं, आणि ते मान्य झालं की लॅरी जिवंत आहे असं धरून बसलेल्या आईने, केटने, उभा केलेला बांध फुटतो. हा धोंडा ख्रिसच हलवतो. शिवाय तिसऱ्या अंकात तो कबूल करतो की बापावर संशय होता, तरी आपण काहीच केलं नाही. म्हणजे उमगणं त्याच्याही वाट्याला आहे. माझ्या मते कृतीला चालना देणारा ख्रिस, शोकात्म नायक जो. एकच नाव हवं असेल तर जो घ्या, पण ख्रिसला बाजूला सारून नव्हे.

प्रतिसाद ३
घोळ थोडा आपल्या भाषेमुळेही होतो. ‘नायक’ म्हटलं की आपल्याला सज्जन माणूस दिसतो, आणि विद्यार्थी ख्रिसकडे वळतात. शोकांतिकेत चांगुलपणाची परीक्षा नसते. साधा माणूसही राजाइतकाच शोकांतिकेचा विषय होऊ शकतो, हे मिलरने १९४९च्या निबंधात मांडलंच आहे.

पुराव्यासाठी दोन जागा पुरतात. दुसऱ्या अंकात जोवर संतापून आलेला अ‍ॅनचा भाऊ जॉर्ज जवळजवळ निवळलेला असतो. तेवढ्यात केट सहज बोलून जाते की जो पंधरा वर्षांत आजारी पडलेला नाही. जो घाईघाईने युद्धकाळातला फ्लू आठवतो, पण उशीर झालेला असतो: सदोष माल पाठवला त्या दिवशी कारखान्यात न जाण्याचं कारण म्हणून त्याने तोच फ्लू पुढे केला होता.

दुसरी जागा लॅरीने अ‍ॅनला लिहिलेलं पत्र. जोचा भक्कम बचाव असा की लॅरी पी-४० विमान चालवतच नव्हता, म्हणजे मुलाच्या मरणाशी त्या मालाचा संबंध नाही. पत्रातून कळतं की बापाची बातमी वाचून, शरमेने, लॅरी स्वतःहून मरायला निघाला होता. बचाव तांत्रिकदृष्ट्या खरा ठरतो आणि तरीही कोसळतो. त्यानंतर जो म्हणतो की लॅरीच्या लेखी ती सगळी आपलीच मुलं होती. नाटकाचं नाव या वाक्यातून येतं, आणि ते जोच्या तोंडी आहे. उत्तरात ही जागा सविस्तर लिहा. नुसतं ‘जो आत्महत्या करतो’ लिहून भागणार नाही. तुरुंगात न्यायला निघालेल्या ख्रिसला तो ‘कोट घेऊन येतो’ म्हणून आत जातो, निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

प्रश्नकर्ता
आणि केट? तिचं दुःख सगळ्यांत मोठं वाटतं.

प्रतिसाद १
दुःख मोठं आहे, पण तिला उमगण्यासारखं काही उरलेलं नाही. जो दोषी आहे हे ती पहिल्यापासून जाणते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तीच ख्रिसला सांगते: लॅरी मेला असेल तर त्याला तुझ्या बापाने मारलं. म्हणून तर ती लॅरीला जिवंत धरून बसते. तिच्यावर एक परिच्छेद द्या, नायकाच्या जागी नको.